जुन्या गाडीचे ब्रेक लाइट घरच्या घरी दुरुस्त करताना

ब्रेक लाइट बंद पडला तरी गाडी चालवणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. सिग्नलला शेजारी येऊन थांबलेला एखादा दुचाकीवाला ‘काका, डाव्या बाजूचा ब्रेक लाइट लागत नाहीये’ असे सांगतो, तेव्हाच बहुतेकांना ते कळते, आणि तोपर्यंत गाडी किती दिवस तशीच धावली असेल हे सांगता येत नाही. मारुती ८००, झेन, सँट्रो, इंडिका अशा ज्या जुन्या गाड्या आपल्याकडे अजूनही रोज रस्त्यावर येतात, त्यांच्यात हा बिघाड वरचेवर आढळतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे ती दर ५ वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. त्या वेळी आरटीओच्या तपासणीत दिवे पाहिले जातातच, पण तोवर थांबण्यात अर्थ नाही. कारण मागच्या वाहनाला आपण थांबत आहोत हे सांगणारी दुसरी कोणतीही खूण आपल्याकडे नसते.

या पिढीतल्या गाड्यांचे ब्रेक लाइटचे वायरिंग साधे असते आणि थोडी चिकाटी असलेल्या नवख्या माणसालाही ते समजते. अडचण होते ती घाईची. स्विच बदलून पाहू, मग बल्ब बदलू, नाहीतर वायरमनला दाखवू, अशा अंदाजपंचे कारभारात पैसे जातात आणि मूळ दोष तसाच राहतो. म्हणून आधी तपासणी आणि दोष सापडल्यावरच खरेदी, हा क्रम शेवटपर्यंत सोडू नये.

आधी वीज कुठून कुठे जाते ते समजून घ्या

बॅटरीतून निघालेली वीज फ्यूजमधून ब्रेक पेडलच्या वरच्या बाजूला बसवलेल्या स्विचकडे येते, पेडल दाबल्यावर स्विच जोडला गेला की वायरने गाडीच्या मागच्या टोकापर्यंत पोहोचते, तिथे दोन्ही बाजूंच्या बल्बमधून जाते आणि शेवटी गाडीच्या पत्र्यातून, म्हणजेच बॉडी अर्थमधून, बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला परत येते. फ्यूज आणि स्विच दोन्ही बाजूंना सामाईक असतात. बल्ब आणि होल्डर ज्याचे त्याचे वेगळे असतात, आणि बऱ्याच गाड्यांत अर्थही प्रत्येक बाजूचा वेगळा असतो. एवढे लक्षात ठेवले तरी अर्धी तपासणी बसल्या जागी होते. एकाच बाजूचा दिवा गेला असेल तर फ्यूज आणि स्विच यांच्याकडे पाहण्याचे कारणच नाही, आणि दोन्ही बाजूंचे दिवे एकदम गेले असतील तर दोन्ही बल्ब एकाच दिवशी उडाले असण्यापेक्षा फ्यूज किंवा स्विच गेला असण्याची शक्यता कितीतरी अधिक असते.

नवख्या माणसाचा एक गोंधळ इथेच दूर करायला हवा. डॅशबोर्डवर लागणारा ब्रेकचा लाल दिवा हँडब्रेक ओढलेला असल्याचे, आणि बऱ्याच गाड्यांत ब्रेक ऑइल कमी झाल्याचेही, सांगतो. मागच्या बल्बशी त्याचा संबंध नसतो. तो दिवा हँडब्रेक सोडूनही जात नसेल, तर ब्रेक लाइटचे काम बाजूला ठेवून आधी ब्रेक ऑइलची पातळी पाहावी.

सोबत काय घ्यावे

एक चौफुली स्क्रू ड्रायव्हर, एक बारीक चपटा स्क्रू ड्रायव्हर, बारीक दाण्याचा पॉलिश पेपर, दोन्ही टोकांना चिमटे लावलेली मीटरभर वायर, आणि व्होल्टेज व रोध मोजणारा साधा डिजिटल मल्टीमीटर किंवा बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प (चिमटा पत्र्याला लावून टोक तपासायच्या जागी टेकवले आणि तिथे वीज असली की पेटणारा छोटा दिवा) एवढ्यावर काम भागते. दोघांपैकी एकच घ्यायचे असेल तर माझे मत टेस्ट लॅम्पच्या बाजूने आहे. गंजलेल्या जोडणीतून मल्टीमीटर बिनदिक्कत बारा व्होल्ट दाखवतो, कारण त्याला प्रवाह लागतच नाही. टेस्ट लॅम्पला मात्र पेटायला प्रवाह लागतो, त्यामुळे त्याला फसवणे कठीण असते. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढून ठेवावा.

नेमके काय होते ते पाहा

घरात दुसरे कोणी असेल तर त्याला मागे उभे करावे. कोणी नसेल तर संध्याकाळी गाडी भिंतीकडे पाठ करून लावावी, म्हणजे पेडल दाबल्यावर भिंतीवर पडणारा लाल उजेड आरशात दिसतो. पेडल सतत दाबून ठेवायचे असेल तर मजबूत काठी पेडल आणि सीट यांच्यामध्ये अडकवून सीट पुढे सरकवावी. किल्ली चालू करायला विसरू नये, कारण काही गाड्यांत ब्रेक लाइट किल्लीशिवाय लागतात आणि काहींत लागत नाहीत.

आता फक्त ‘लागतो’ किंवा ‘लागत नाही’ एवढेच पाहून थांबू नका. पार्किंग लाइट लावून पुन्हा ब्रेक दाबा, नंतर इंडिकेटर लावून पुन्हा दाबा, आणि काय बदलते ते लिहून ठेवा. एरवी नीट लागणारा ब्रेक लाइट पार्किंग लाइट लावताच मंदावत असेल, किंवा ब्रेक दाबल्यावर त्याच दिव्यातला इंडिकेटर मिणमिणत असेल, तर बहुधा अर्थ खराब आहे: परतीची वाट न सापडलेली वीज शेजारच्या बल्बमधून मागे वळत असते. ब्रेक दाबल्यावर डॅशबोर्डचे आणि पार्किंगचे दिवे आपोआप उजळत असतील, तर एखाद्या दुहेरी, म्हणजे पार्किंग आणि ब्रेक अशा दोन तारांच्या, बल्बमधली तुटलेली तार दुसऱ्या तारेला चिकटली आहे किंवा बल्ब होल्डरमध्ये उलटा बसवला आहे. दिवे पेडलवरून पाय काढल्यावरही जळत राहिले, तर दोष पेडलपाशी आहे.

बल्ब

एकाच बाजूचा दिवा गेला असेल तर इथून सुरुवात करावी. काही गाड्यांत मागच्या दिव्याची लाल काच बाहेरून दोन-तीन स्क्रूंनी धरलेली असते, तर काहींत डिकीच्या आतून झाकण काढून होल्डर फिरवून बाहेर घ्यावा लागतो. काच काढताना तिच्या कडेची रबरी पट्टी फाटणार नाही याची काळजी घ्यावी. दिवे नुकतेच लागलेले असतील तर बल्ब चांगलाच तापलेला असतो, म्हणून पाच मिनिटे थांबावे. बल्ब आत दाबून डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवला की बाहेर येतो. अडकला असेल तर फडक्यात धरून हळूहळू मागे-पुढे हलवावा, कारण जोर लावला की काच फुटून हाताला लागते.

बऱ्याच जुन्या गाड्यांत मागे एकच बल्ब दोन कामे करतो. त्यात दोन तारा असतात: ५ वॅटची पार्किंगसाठी आणि २१ वॅटची ब्रेकसाठी. त्यामुळे रात्री टेललाइट छान लागतो म्हणून बल्ब ठीक आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही. बल्ब उजेडात धरून पाहिला की तुटलेली तार बहुतेक वेळा दिसते. काच आतून काळवंडली किंवा चंदेरी झाली असेल, तर तार शाबूत दिसली तरी बल्ब बदलावा. मल्टीमीटर असेल तर २१ वॅटच्या थंड तारेचा रोध साधारण एक ओहम किंवा त्याहून थोडा कमी दिसतो.

दुकानातून बल्ब आणताना जुना बल्ब सोबत न्यावा. बारा व्होल्टच्या २१/५ वॅट बल्बच्या पितळी बुडावरच्या दोन खुंट्या एकाच उंचीवर नसतात. एक वर आणि एक खाली असते, जेणेकरून बल्ब एकाच पद्धतीने बसावा. फक्त २१ वॅटच्या एकेरी बल्बच्या खुंट्या समपातळीत असतात. जीर्ण झालेल्या होल्डरमध्ये चुकीचा बल्बही जोर लावला की बसतो आणि मग टेललाइट ब्रेक लाइटइतका प्रखर जळू लागतो. एका बाजूचा बल्ब वय होऊन गेला असेल तर दुसऱ्याचेही वय तेवढेच असते आणि किंमत किरकोळ असते, तेव्हा दोन्ही एकदम बदलणे शहाणपणाचे.

पांढऱ्या एलईडीचे बल्ब या होल्डरमध्ये बसतात आणि बाजारात सर्रास मिळतात. माझा सल्ला असा की मूळ दोष सापडेपर्यंत त्यांच्या वाटेला जाऊ नये. ते इतक्या कमी प्रवाहावर पेटतात की खराब जोडणी झाकली जाते, आणि जुन्या काचेमागे त्यांचा उजेड सगळीकडे सारखा पसरेलच असे नाही. ब्रेक दाबल्यावर लुकलुकणारे दिवे तर लावूच नयेत.

होल्डर आणि अर्थ

नवा बल्ब लावूनही दिवा लागला नाही, तर लोक लगेच वायरिंग उकलायला घेतात. त्याआधी होल्डरच्या आत टॉर्च मारून पाहावे. पावसाळ्यात काचेच्या कडेतून शिरलेले पाणी आणि कोकणपट्टीत, मुंबईत, गोव्यात असलेली खारट हवा यांमुळे आतल्या पितळी पट्ट्यांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड साचते. ही पूड वीज जाऊ देत नाही. किल्ली बंद करून आणि संबंधित फ्यूज काढून पॉलिश पेपरची बारीक गुंडाळी आत फिरवावी, पट्ट्या चकचकीत होईपर्यंत घासाव्यात आणि उडालेली पूड कोरड्या ब्रशने काढावी. पट्ट्या दबून सपाट झाल्या असतील तर बारीक स्क्रू ड्रायव्हरने किंचित वर उचलाव्यात. बल्बच्या बुडावरचे शिशाचे ठिपके झिजून खोलगट झालेले असतील, तर संपर्क तिथेच तुटतो. होल्डरचे प्लास्टिक वितळून वाकडे झाले असेल तर घासून उपयोग नाही, होल्डरच बदलावा.

यानंतर अर्थ. जुन्या गाडीत ब्रेक लाइटच्या तक्रारींचे हे सर्वांत दुर्लक्षित कारण आहे, म्हणून इथे वेळ द्यावा. चिमट्यांच्या वायरचे एक टोक होल्डरच्या धातूच्या कवचाला किंवा त्याच्या अर्थ वायरला लावावे आणि दुसरे टोक रंग नसलेल्या, स्वच्छ पत्र्याला किंवा बोल्टला लावावे. पेडल दाबल्यावर दिवा एकदम ठळक झाला तर दोष सापडला. होल्डरपासून निघणारी अर्थ वायर, जी जपानी आणि कोरियन घडणीच्या गाड्यांत बहुधा काळी असते, ती कुठे जाते ते हाताने चाचपत जावे. डिकीच्या एखाद्या कोपऱ्यात, पुष्कळदा गालिच्याखाली, ती एका गोल कडीने पत्र्याला स्क्रूने आवळलेली सापडते. स्क्रू काढला की कडीखाली तांबूस गंजाचे वर्तुळ दिसते. पत्रा, कडी आणि स्क्रू तिन्ही घासून उघडा धातू येऊ द्यावा, स्क्रू घट्ट आवळावा आणि वरून थोडे ग्रीस किंवा व्हॅसलीन फासावे. ग्रीस आवळण्याआधी नव्हे, आवळल्यानंतर लावावे. टिंकरिंग आणि पेंटिंग झालेल्या गाडीत रंगावरच कडी आवळून टाकलेली असण्याची दाट शक्यता असते.

मंद दिव्याकडे ‘लागतोय ना’ म्हणून काणाडोळा करू नये. बल्बला मिळणारे व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले की उजेड साधारण तीस टक्क्यांनी घटतो, आणि भर दुपारच्या उन्हात असा दिवा मागच्याला दिसतच नाही. बल्ब जळत असताना मल्टीमीटरने बॅटरीवरचे आणि होल्डरवरचे व्होल्टेज मोजावे. अर्ध्या व्होल्टपर्यंतचा फरक चालून जातो. एक व्होल्टहून अधिक फरक असेल तर मधल्या एखाद्या जोडणीत कार्बन धरला आहे असे समजावे.

फ्यूज

दोन्ही बाजूंचे दिवे एकदम गेले असतील तर पहिली भेट फ्यूजला द्यावी. फ्यूजची पेटी बहुधा स्टिअरिंगखाली किंवा बॉनेटमध्ये असते आणि तिच्या झाकणावर कोणता फ्यूज कशाचा हे छापलेले असते. काही गाड्यांत हॉर्न आणि ब्रेक लाइट एकाच फ्यूजवर असतात, म्हणून हॉर्नही वाजत नसेल तर शोध तिथेच संपतो. फ्यूज फक्त डोळ्यांनी पाहून सोडू नये. त्याच्या माथ्यावर दोन बारीक धातूचे ठिपके उघडे असतात, त्या दोन्हींवर टेस्ट लॅम्प पेटला पाहिजे.

नवा फ्यूज झाकणावर लिहिलेल्या अँपिअरचाच घालावा. बऱ्याच गाड्यांत तो १० किंवा १५ अँपिअरचा असतो. २१ वॅटचे दोन बल्ब मिळून साडेतीन अँपिअर घेतात, म्हणजे निरोगी वायरिंगमध्ये हा फ्यूज उडण्याचे कारण नाही. उडालेल्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळणे किंवा त्याजागी तार घालणे, हे प्रकार आपल्याकडे अजून चालतात आणि त्यातून गाडीचे वायरिंग पेटते.

नवा फ्यूज पुन्हा उडाला तर मागचे सगळे ब्रेक बल्ब काढून, आणखी एक फ्यूज घालून पेडल दाबावे. आता तो टिकला तर एखादा बल्ब किंवा होल्डर आतून शॉर्ट आहे. तरीही उडाला तर वायर कुठेतरी सोलून पत्र्याला टेकली आहे. ती शोधताना आधी मागाहून झालेली कामे पाहावीत: सीएनजीच्या टाकीखाली दबलेली वायर, स्पीकर बसवताना तिच्यात घुसलेला स्क्रू, नाहीतर पार्किंगमधल्या उंदराने कुरतडलेले टोक.

पेडलजवळचा स्विच

यासाठी पायाजवळच्या जागेत मान घालून वर पाहावे लागते. पेडलच्या दांड्याला टेकलेली दट्ट्यासारखी बारीक कांडी आणि मागे दोन वायरींचा सॉकेट, असे स्विचचे रूप असते. पेडल मोकळे असताना कांडी दाबलेली असते आणि दिवे बंद असतात. पेडल खाली गेले की कांडी सुटते आणि दिवे लागतात. सॉकेट काढून त्यातली दोन टोके छोट्या वायरने जोडावीत. मागे दिवे लागले तर फ्यूजपासून बल्बपर्यंत सगळे ठीक आहे आणि दोष स्विचचा आहे, किंवा त्याची जागा सरकली आहे. सॉकेटमध्ये चार वायरी असतील तर गाडीच्या वायरिंगचा नकाशा हाती असल्याशिवाय अशी जोडणी करू नये. ऑटोमॅटिक गाडीत ब्रेक लाइट लागत नाहीत आणि गिअरचा दांडाही पार्किंगमधून निघत नाही, असे दोन्ही एकदम झाले तर संशय प्रथम याच स्विचवर किंवा त्याच्या फ्यूजवर घ्यावा.

दिवे विझतच नसतील तर स्विचला दोष देण्याआधी पायाखालची मॅट पाहावी. जपानी आणि कोरियन घडणीच्या बऱ्याच गाड्यांत पेडलच्या दांड्याला एक भोक असते आणि त्यात बसवलेल्या रबरी किंवा प्लास्टिकच्या बटणावर स्विचची कांडी टेकते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने हे बटण ठिसूळ होऊन फुटते, त्याचे तुकडे मॅटवर पडतात आणि कांडी भोकातून आरपार जाते. गाडीला वाटते ब्रेक दाबलेलाच आहे. बटण स्वस्त मिळते आणि हाताने दाबून बसवता येते. मात्र तोपर्यंत गाडी रात्रभर तशी ठेवू नये: लहान गाडीच्या ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीवर हे दोन बल्ब हिशेबाने दहा तास चालतील, पण स्टार्टर त्याच्या बराच आधी मान टाकतो.

स्विचची जागा बदलायची असेल तर त्याला जागेवर धरून ठेवणारा लॉक नट सैल करून तो थोडाथोडा फिरवावा. पेडल मोकळे असताना दिवे पूर्ण बंद असावेत, आणि ब्रेक प्रत्यक्ष धरू लागण्याआधीच ते लागावेत. इथे एक धोका आहे. स्विच गरजेपेक्षा आत गेला तर तो पेडलला पूर्ण वर येऊ देत नाही, ब्रेक सतत किंचित धरून राहतात आणि चाके तापतात. म्हणून नट आवळल्यावर पेडल हाताने वर उचलून पाहावे; ते स्वतःहून तिथपर्यंत आलेले असले पाहिजे. काही फार जुन्या गाड्यांत ब्रेक लाइटचा स्विच पेडलपाशी नसून ब्रेक ऑइलच्या नळीवर असतो आणि तेलाच्या दाबाने चालतो. तो घरी उघडू नये, कारण नळीत हवा शिरली की ब्रेकच निकामी होतात.

मधली वायर

मागच्या दरवाजावरचा तिसरा ब्रेक लाइट, मागचा वायपर किंवा नंबर प्लेटचा दिवा यांपैकी दोन गोष्टी एकदम बंद पडल्या असतील, तर दरवाजाच्या बिजागरीजवळची नागमोडी रबरी नळी मागे सरकवून पाहावी. दरवाजा हजारो वेळा वर-खाली झाल्याने तिच्या आतल्या वायरी एकाच जागी वाकून तुटतात; बाहेरचे प्लास्टिक शाबूत आणि आतले तांबे तुटलेले, असेही होते. प्रत्येक वायर हलकी ओढली की तुटलेली वायर रबरासारखी ताणली जाते. अशा जागी दोन टोके पिळून टेप गुंडाळली तर ती महिनाभरात पुन्हा सुटेल. थोडी नवी, मऊ वायर मध्ये घालून दोन्ही सांधे सोल्डर करावेत, त्यांवर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी आणि सांधे वाकणाऱ्या भागापासून दूर ठेवावेत.

काम झाल्यावर

काच बसवण्याआधी दिव्याच्या तळाशी असलेले पाणी निघून जाण्याचे बारीक भोक मोकळे आहे का ते पाहावे आणि रबरी पट्टी जागेवर बसवावी. स्क्रू फार आवळू नयेत, जुने प्लास्टिक लगेच तडकते. नंतर पार्किंग लाइट, हेडलाइट आणि इंडिकेटर लावून, इंजिन चालू ठेवून पुन्हा ब्रेक तपासावा.

एवढे करूनही दोष हाती लागला नाही, तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जाताना ‘ब्रेक लाइट लागत नाही’ एवढेच सांगू नये. फ्यूजच्या दोन्ही ठिपक्यांवर वीज येते की नाही, स्विचची टोके जोडल्यावर दिवे लागले की नाही, अर्थ वेगळा देऊन फरक पडला की नाही, हे तीन निकाल त्याला सांगावेत. ज्या भागांची तपासणी आपण केलेली आहे, ते तो विनाकारण बदलणार नाही आणि मजुरीही त्या मानानेच लागेल.